गच्चीवर गोल्फ: गार्मिन अप्रोच आर१० आणि आपल्या घराची मापं

कोल्हापुरातून पुण्यातल्या येरवड्याच्या किंवा बावधनच्या गोल्फ कोर्सवर जायचं म्हणजे एका बाजूने सव्वादोनशे किलोमीटरच्या वर गाडी हाकायची. महिन्यातून एकदा जमलं तरी खूप झालं. मधल्या दिवसांत हात चालू ठेवायचा तर गच्चीवर जाळी बांधण्याशिवाय इलाज नाही. जाळीची अडचण एवढीच, की चेंडू दहा फुटांवर थांबतो आणि पुढे तो कुठे गेला असता हे कळत नाही. मारणाऱ्याला प्रत्येक फटका सरळच वाटतो. हे कोडं सोडवायला लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्याचा वेग आणि दिशा मोजून चेंडू कुठे गेला असता ते सांगणारं यंत्र, लागतो, आणि घरगुती बजेटमध्ये बसणाऱ्या मॉनिटरांत गार्मिनचा अप्रोच आर१० सगळ्यात आधी नजरेत भरतो.

निकाल आधीच सांगतो: यंत्र पैसे वसूल करणारं आहे. पण गच्चीचा उतार, चेंडूखालच्या मॅटची जाडी आणि जाळीचं अंतर या तीन गोष्टी चुकल्या, तर तेच यंत्र अगदी आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतं. म्हणून या परीक्षणात यंत्राइतकीच जागेचीही झाडाझडती आहे.

आर१० बाजारात आला २०२१ साली, तेव्हाची अमेरिकेतली किंमत ५९९.९९ डॉलर. मागवताना आयातशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशोब करा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, शर्टाच्या खिशात जाईल एवढाच आकार. सोबत बुटकी तिपाई, मोबाइल गोल्फ बॅगेला अडकवायचा क्लिप, पिशवी आणि चार्जिंगची केबल येते. केबल मायक्रो यूएसबी आहे. घरात सगळं टाइप-सीवर गेलेलं असताना ही एक जुनी केबल जपून ठेवावी लागते. हरवली की ऐन वेळी शेजाऱ्याच्या ड्रॉवरात शोधायची पाळी. बॅटरी १० तासांपर्यंत चालते, त्यामुळे लाइट गेली तरी सराव थांबत नाही. यंत्राला स्वतःचा पडदा नाही. सगळे आकडे ब्लूटूथने मोबाइलवरच्या गार्मिन गोल्फ अ‍ॅपमध्ये येतात.

आत डॉप्लर रडार आहे. यंत्र चेंडूच्या मागे, लक्ष्याकडे तोंड करून ठेवायचं. चेंडू आणि क्लब (मारायची काठी) दूर जाताना परत येणाऱ्या लहरींवरून ते वेग आणि दिशा काढतं. कंपनीच्या म्हणण्यानुसार चेंडूचा वेग ताशी १ मैलाच्या फरकाने बरोबर, निघण्याचा कोन आणि दिशा प्रत्येकी १ अंशाच्या फरकाने, कॅरी (चेंडू हवेतून जाऊन टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ५ यार्डांच्या फरकाने आणि क्लबचा वेग ताशी ३ मैलांच्या फरकाने. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण लोक सगळ्यात जास्त भुलतात ते स्मॅश फॅक्टरला. स्मॅश म्हणजे चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग. समजा चेंडू १३५ मैलांनी निघाला आणि क्लब खरा ९३ मैलांनी फिरला, तर स्मॅश १.४५. यंत्राने क्लब ९० वाचला तर तोच फटका १.५० दिसेल, ९६ वाचला तर १.४१. फटका एकच, आणि अ‍ॅप एकदा शाबासकी देतं, एकदा नापास करतं. तेव्हा स्मॅशच्या दुसऱ्या दशांश स्थळासाठी जीव टाकू नका. चेंडूचा वेग हाच या यंत्राचा सगळ्यात भरवशाचा आकडा. सरावात डोळा त्याच्यावर ठेवा.

स्मॅशचा एक उपयोग मात्र पक्का आहे, चोर पकडण्याचा. सात नंबरच्या आयर्नला (मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबला) चांगला फटका साधारण १.३३ च्या आसपास बसतो. अ‍ॅप सात नंबरला १.५० दाखवत असेल तर एक तर वाचन फसलंय किंवा अ‍ॅपमध्ये क्लब बदलायचा राहिलाय. असा फटका तिथल्या तिथे पुसून टाका, नाहीतर महिन्याची सरासरी नासते.

जाळीत मारताना स्पिनचा (चेंडूच्या फिरकीचा) आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो, बाकीच्या मापांवरून बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे चेंडू डावी-उजवीकडे किती वळला हेही अंदाजावरच उभं आहे. वेजच्या (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबच्या) स्पिनवर काम करणाऱ्याने हे यंत्र त्यासाठी घेऊ नये. पटिंग (चेंडू जमिनीवरून खळग्यात ढकलणं) तर ते मोजतच नाही, आणि दहा-पंधरा यार्डांच्या चिप्स (छोटे फटके) बऱ्याचदा त्याच्या नजरेतून सुटतात.

आता जागा. यंत्र चेंडूच्या मागे ६ ते ८ फूट आणि चेंडूपासून जाळी किमान ८ फूट, हे कंपनीचं माप. किमान का, ते आकड्यात बघा. सेकंदाला ६० मीटर वेगाने निघालेला ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब क्लबचा) चेंडू ८ फूट पार करतो सेकंदाच्या चार शतांश भागात. एवढ्या वेळात रडारला सगळं वाचायचं असतं. जाळी पाच फुटांवर आणली की हा वेळ अडीच शतांशावर येतो; मग आकडे नाचतात, काही फटके तर नोंदलेच जात नाहीत. मागे ७, पुढे १० आणि जाळीच्या पाठीशी दीड फूट मोकळं, म्हणजे साडेअठरा फूट लांबी धरा. फ्लॅटच्या हॉलमध्ये हे क्वचितच बसतं. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कातल्या जुन्या बंगल्याचं पार्किंग, नाहीतर पत्र्याचं शेड घातलेली गच्ची, हीच आपल्याकडची खरी जागा.

उंचीत फसगत होते ती अशी: बिल्डर दहा फूट म्हणतो ते स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत. स्लॅबची जाडी आणि फरशी वजा केली की हाती उरतात साडेनऊच्या आत. त्यातून बीम फूटभर खाली आलेला असतो, पंखा त्याहून खाली. ड्रायव्हर ४५ इंचांच्या आसपास लांब असतो. पावणेसहा फुटांचा माणूस हात वर करून फिरवेल तर नऊ फूट म्हणजे अगदी काठावर. आधी जुना क्लब घेऊन, चेंडू न ठेवता, कासवाच्या गतीने पूर्ण स्विंग करा. एकाने बाजूला उभं राहून क्लबचं टोक वर, मागे आणि पुढे कुठे येतं ते बघावं. पंखा काढून ठेवलेलाच बरा. डोक्यात बसायची भीती आहेच, शिवाय रडारला हलणारी प्रत्येक वस्तू दिसते आणि फिरतं पातं हीही त्याच्या दृष्टीने हलणारी वस्तूच.

सगळ्यात जास्त चूक होते ती उतारात. गच्चीवर पाणी साठू नये म्हणून कोब्याला उतार दिलेला असतो, साधारण शंभराला एक. उभं राहिल्यावर तो पायाला जाणवतही नाही. पण सात फुटांत तो २१ मिलिमीटर होतो. म्हणजे यंत्र आणि चेंडू एका पातळीवर आहेत असं आपण समजतो तेव्हा ते जवळजवळ इंचभर वर-खाली असतात. त्यात ३५ मिलिमीटर जाडीची मॅट चेंडूखाली आणि यंत्र नुसत्या फरशीवर, असं असेल आणि उतारही उलट्या बाजूचा निघाला, तर फरक साडेपाच सेंटिमीटरवर जातो. सात फुटांच्या अंतरावर साडेपाच सेंटिमीटर म्हणजे जवळपास दीड अंश. यंत्राची नेमकेपणाची हमी एका अंशाची, आणि आपण मांडणीतच दीड अंश घालवून बसलोय.

उपाय गवंड्याचा. पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक मॅटवर चेंडूच्या जागी धरा, दुसरं यंत्राच्या जागी. पाण्याची रेघ सांगेल यंत्राखाली किती उंची द्यायची. प्लायचे तुकडे रचून तेवढी भरा. सपाट जागेवर ३५ मिलिमीटरच्या मॅटला १८ मिलिमीटरचे दोन तुकडे पुरतात. पातळी जुळली की प्लाय एकत्र स्क्रूने आवळा आणि त्यावर तिपाईच्या पायांच्या खुणा मार्करने काढून ठेवा. जमत असेल तर मारण्याची दिशा उताराला आडवी ठेवा, मग ही भानगड बरीच कमी होते. तेव्हा मात्र पाय आणि चेंडू यांच्या पातळीत फरक पडतो, म्हणून मॅट कडेने पाचर देऊन सपाट करावी लागते.

दिशेचंही तसंच. यंत्र डोळ्याने 'सरळ' ठेवलं आणि ते सात फुटांत दोन इंच सरकलेलं असलं, तर १.३६ अंशांची चूक होते. दीडशे यार्डांवर तिचे साडेतीन यार्ड होतात. सरळ गेलेला फटका रोज उजवीकडे दिसायला लागतो आणि माणूस नसलेल्या दोषावर औषध शोधत बसतो. सुताराकडची गेरूची दोरी घ्या. जाळीच्या मध्यापासून चेंडूवरून यंत्राच्या जागेपर्यंत ताणून एकदा फटका मारा, लाल रेघ उमटेल. तीच कायमची केंद्ररेषा. ऑइल पेंटने पक्की करून टाका.

जाळीबद्दल दुकानात हमखास चुकीचा माल हाती पडतो. गोल्फचा चेंडू नियमाने किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्रिकेटच्या जाळीचे डोळे पुष्कळदा ४५ मिलिमीटरचे असतात, क्रिकेटच्या मोठ्या चेंडूला ते पुरतं. गोल्फचा चेंडू त्यातून सरळ पार जाईल. कबुतरांसाठी लावतात ती जाळी तर पुष्कळदा त्याहून मोठ्या डोळ्यांची आणि बारीक दोऱ्याची. फुटबॉलच्या जाळीचं नावच नको, तालमी-पेठांच्या या गावात ती कितीही सहज मिळत असली तरी. डोळा २५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, नायलॉन किंवा पॉलिएस्टर, शक्यतो बिनगाठीची, अशीच मागा. टेप घेऊन जा आणि दुकानात डोळा मोजूनच पैसे द्या.

सांगाडा उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो. माप देतो: रुंदी १० फूट, उंची ९, खोली ५. एक इंची बी क्लास जीआय पाइप वीस फुटांच्या लांबीत येतो आणि या मापाला बरोबर चार लांब्या लागतात. एकीतून दहा-दहाचे दोन आडवे, दोन लांब्यांतून नऊ-नऊचे चार खांब, चौथीतून पाच-पाचचे चार तुकडे, वरच्या आणि खालच्या बाजूंसाठी. कोपरे वेल्डिंग करू नका. मोठ्या पाइपच्या बाह्या करून बोल्ट मारायला सांगा, पावसाळ्यात खोलता आलं पाहिजे. समोरच्या प्रत्येक पाइपवर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम चढवा. उघड्या पाइपवर बसलेला चेंडू जोरात तोंडावर परत येतो. सांगाड्याला मागचा तळाचा पाइप दिलेला नाही तो याच कारणाने.

जाळी ताणून बांधायची नाही. ताणली की ती चेंडू परत फेकते. मागचा पडदा ढिला सोडा, खाली दीड फूट जमिनीवर लोळू द्या. जाळीमागे फूटभर अंतरावर जाड सतरंजी किंवा जुनं घोंगडं वरून नुसतं टांगा, खालून मोकळं. चेंडूचा उरलेला जोर ते पिऊन टाकतं आणि आवाजही दबतो. ताडपत्री लावू नका. प्रत्येक फटक्याला फटाका वाजल्यासारखा आवाज होतो आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीची मीटिंग बसते. मध्यभागी, जिथे नव्वद टक्के चेंडू बसतात, चार बाय चार फुटांचा जाळीचाच जादा तुकडा लटकवा. उन्हाने नायलॉन कुजतो. महिन्यातून एकदा मधली जाळी दोन्ही हातांनी ताणून बघा, धागा तुटतोय असं वाटलं तर तेवढा तुकडा बदला.

शँकची, म्हणजे क्लबच्या मानेला लागून भलतीकडे सुटणाऱ्या फटक्याची, तयारी केल्याशिवाय गच्चीवर पहिला फटकासुद्धा मारू नका. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू क्लबच्या मानेवर बसला की उजवीकडे जवळजवळ काटकोनात सुटू शकतो, आणि गच्चीवर त्या बाजूला असतं काय? सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या, पाण्याची टाकी, पलीकडच्या बंगल्याची खिडकी. चेंडू सांगाड्याच्या तोंडापासून पाच फूट बाहेर असतो, म्हणून बाजूच्या जाळ्या शेडच्या अँगलला टांगून चेंडूच्याही मागे तीन फूट आणाव्या लागतात. फोमचे हलके चेंडू हा यावरचा उपाय नाही. त्यांचं वजन आणि उसळी वेगळी, त्यामुळे अ‍ॅपमधल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

मॅटवर पैसे वाचवले तर मनगट आणि कोपर वसूल करतात. आरसीसी स्लॅबवर पातळ मॅट म्हणजे प्रत्येक आयर्नला दगडावर घाव. पाच बाय पाच फुटांची मॅट घ्या, पाय आणि चेंडू एकाच उंचीवर राहतील. नुसता चेंडूपुरता तुकडा घेतला तर चेंडू पायापेक्षा साडेतीन सेंटिमीटर वर बसतो आणि शरीर चुकीचा स्विंग शिकतं. खाली कराटे-तायक्वांदोला वापरतात त्या २० मिलिमीटरच्या जोडायच्या मॅट टाका, उंची मोजताना त्या धरायला विसरू नका.

मॅटचं दुसरं लबाड वागणं म्हणजे ती चूक झाकते. गवतावर चेंडूच्या दोन इंच मागे बसलेला क्लब मातीत रुततो आणि चेंडू निम्म्यावर पडतो. मॅटवर तोच क्लब घसरत पुढे जातो, चेंडू बऱ्यापैकी निघतो आणि यंत्र इमानदारीने चांगला आकडा दाखवतं. त्यात यंत्राचा दोष नाही, चेंडू तसाच निघाला. चेंडूच्या चार इंच मागे टॉवेलची घडी ठेवून मारा. टॉवेल हलला की फटका बाद, आकडा काहीही असो. फेसवर (क्लबच्या मारत्या पृष्ठभागावर) चेंडू कुठे बसला हेही आर१० सांगत नाही. फेसवर अंगाची पावडर चोळा, ठसा स्पष्ट दिसतो. दहा रुपयांत हजारो रुपयांच्या यंत्राची उणीव भरून निघते.

अ‍ॅपमधली ड्रायव्हिंग रेंज फुकट आहे आणि खऱ्या सरावाला तेवढी पुरते. मोबाइल समोर लावला तर स्विंगचा व्हिडिओ आपोआप कापून आकड्यांना जोडला जातो, ही सोय फार कामाची. होम टी हीरोवर (गार्मिनच्या आभासी गोल्फच्या सोयीवर) जगभरचे कोर्स खेळायचे तर महिन्याला ९.९९ डॉलर किंवा वर्षाला ९९.९९ डॉलर, आणि इंटरनेट हवं. मजा आहे, पाहुण्यांसमोर नाद खुळा. पण पहिले तीन महिने हे पैसे देऊ नका. प्रोजेक्टर आणि इम्पॅक्ट स्क्रीनच्या (चेंडूचा मार झेलणाऱ्या पडद्याच्या) मागे लागायचीही गरज नाही. गच्चीवर धूळ, ओल आणि दिवसाचा उजेड, तिघेही प्रोजेक्टरचे वैरी.

पहिलं काम क्लबांची अंतरं लावण्याचं. अंग मोकळं करून झालं की प्रत्येक क्लबचे दहा फटके, क्लब बदलला की अ‍ॅपमध्येही बदला. दहांतले सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात जवळचे दोन सोडा, मधल्या सहांची सरासरी वहीत लिहा. कॅरी लिहा, टोटल नको. चेंडू जमिनीवर किती लोळेल हे मैदान ठरवतं. सोबत चेंडूचा वेगही लिहा. दोन क्लबांत आठ-दहा यार्डांचं अंतर नीट पडत असेल तर झालं, कुठे दोन क्लब एकाच आकड्यावर आले तर त्यांतला एक बॅगेत उगाच आहे किंवा एकाचा फटका नीट बसत नाहीये. ही यादी पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा सोबत न्या आणि रेंजवर यंत्र लावून पडताळा. मोकळ्यावर रडारला चेंडूचा प्रवास लांबवर दिसतो, त्यामुळे तिथला आकडा जास्त वजनाचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथल्या विरळ हवेत चेंडू किनाऱ्यापेक्षा साधारण दोन टक्के लांब जातो. दीडशे यार्डांच्या फटक्यात तीन यार्ड. मुंबईत खेळायला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

दुसरे पर्याय दोनच ओळींत. रॅप्सोडोचा एमएलएम२प्रो रडारला कॅमेऱ्यांची जोड देतो आणि खुणा असलेल्या खास चेंडूंवर स्पिन खरंच मोजतो. स्पिन हवा असेल तर तो, पण ते चेंडू संपले की पुन्हा मागवा आणि वर्गणीही भरा. स्कायट्रॅकसारखी कॅमेऱ्याची यंत्रं चेंडूच्या बाजूला बसतात, मागचे सात फूट वाचतात. ज्याच्याकडे बारा-तेरा फुटांचीच खोली आहे त्याने आर१० चा विचार सोडून तिकडे वळावं. रडारचा एक फायदा मात्र आहे: उजेड कमी असला तरी चालतो. कामावरून आल्यावर रात्री आठला एका बल्बखाली मारणाऱ्याला हे महत्त्वाचं.

राहिला पाऊस. यंत्राला पाण्यापासून आयपीएक्स७ दर्जाचं संरक्षण आहे, चार थेंबांनी त्याला काही होत नाही. मॅटला होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे गच्ची वाळतच नाही. रबराखाली बुरशी धरते आणि मॅटची कड वर वळते, मग पातळीचा सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो. मे संपताना मॅट उभी करून घरात न्या, गुंडाळू नका. जाळी धुऊन सावलीत वाळवा, बोल्टांना ग्रीस लावा आणि प्लायचे तुकडे, लेव्हल पाइप आणि ती मायक्रो यूएसबी केबल एकाच डब्यात ठेवा.